खांबाआडचं कोपर

नाही काका, ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे – ही घ्या, हां, बसा टेकून. आणि पत्र द्यायची घाई करू नका. राहू द्या तुमच्याच हातात. मला ते वाचायची गरज नाही, मला पाठ आहे – 'आपल्या कारखान्यातील कामगारांच्या फुप्फुसविकाराचा विषय मी सभागृहात पोटतिडकीने उपस्थित केला असून मंत्रिमहोदयांनी त्याची गांभीर्याने दखल घेतली आहे' – हेच ना? वर सोनेरी घुमट, खाली हिरव्या शाईतली सही. बघा, अक्षर न् अक्षर. लॅमिनेट करून पाहिजे, हे मी ऐकलं, पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच ऐकलं. मशीन तापायला वेळ लागतो. तो लाल दिवा आहे ना, तो हिरवा झाला की मग. आणि हिरवा झाल्यावरसुद्धा करायचं की नाही ते मी ठरवणार – दुकान माझं आहे. म्हणजे आत्याचं आहे, पण आत्याला आता अक्षर दिसत नाही, तेव्हा माझंच.

कशाला पाहिजे तेही माहीत आहे हो. चार वाजता टाऊन हॉल, खासदारसाहेबांचा जाहीर सत्कार, 'कामगारांचा आवाज संसदेत पोचवल्याबद्दल'. व्यासपीठावर फुलं, खाली सतरंज्या, आणि मानपत्र कोणाच्या हातून? तर कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या फोरमनच्या. म्हणून हा धुतलेला शर्ट, म्हणून ही दाढी. छान दिसताय, खोटं कशाला बोलू. साडेतीनला खासदारांच्या कार्यालयाची गाडी तुम्हाला इथूनच उचलणार, आणि गाडीत पुढच्या सीटवर तिथले कारकून, म्हणजे माझे बाबा असणार, कडक इस्त्रीत, खिशाला ते हिरवं पेन. सगळं ठाऊक आहे मला. मानपत्र तेवढं ठाऊक नाही, कारण ते या वेळी स्टेशनजवळच्या दुकानातून टाइप करून घेतलं. सव्वीस वर्षं त्या कार्यालयातला कागदाचा कपटासुद्धा या दुकानाबाहेर गेला नाही, आधी आत्या टाइप करायची, मग मी – आणि मानपत्र गेलं स्टेशनजवळ! मला दाखवायची छाती झाली नाही बाबांची. कशी होईल? बाहेर फळा आहे ना.

फळा बघितलाय ना तुम्ही? बघितला असेलच, रोज सकाळी दवाखान्यात जाताना तिथेच थांबता दम खायला, चौकटीला हात टेकता, मग बोटांना लागलेला खडू पँटला पुसता – मी आतून बघते. वाचता की नाही ते देवाला ठाऊक. तर ऐका, आज मी वाचून दाखवते. 'आपले खासदार. अधिवेशनाचे दिवस एकोणीस, हजर चौदा. लेखी प्रश्न – शून्य. चर्चेत भाग – एकदा, चाळीस सेकंद. सभागृहात आपल्या गावाचा उल्लेख, आजवर – शून्य.' डावीकडची अक्षरं ऑइलपेंटने लिहिली आहेत. आधी सगळंच खडूने लिहायचे, मग कार्यालयातली दोन पोरं ओलं फडकं घेऊन आली आणि सगळा फळा पुसून गेली, तेव्हापासून शब्द रंगाने, आकडे खडूने. आता आले तर आकडेच पुसतात बिचारे. पुसा! शून्य लिहायला कितीसा वेळ लागतो?

हसलात. हसा, पण खोकला येऊ देऊ नका, पाणी तिथे आहे, तांब्यावरचा पेला धुतलेला आहे. – घ्या, सावकाश. – मी थांबते. मशीन काही पळून जात नाही.

मला काय म्हणतात माहीत आहे ना मंडळी? समोरचा औषधवाला म्हणतो, 'पोरी, फळा आत घे, लग्नाची आहेस.' म्हणजे खासदाराने तोंड उघडलं नाही आणि लग्न माझं मोडणार! निवृत्त हेडमास्तर येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, 'मजकूर योग्य आहे, पण शून्य हा शब्द टोचतो, त्याऐवजी निरंक लिही.' निरंक! बेचाळीस वर्षं मुलांना शिकवून हाती काय आलं, तर निरंक. ही तुमची पिढी, काका, राग मानू नका, मानलात तरी चालेल. तुम्हाला कोणी काही केलं नाही याचं दुःख नसतं, ते कोणत्या शब्दात सांगितलं याचं असतं. साहेब आले की पहिल्या रांगेत कोण? तुम्ही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला की महिनाभर तो खांदा मिरवतं कोण? तुम्ही. 'मोठा माणूस, पण जमिनीवर पाय आहेत हो' – अहो, पाय जमिनीवर नसतील तर कुठे असतील, तो काय पतंग आहे?

मी बघते ना त्यांना. अधिवेशन चालू असलं की संगणकाच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत संसद चालू, आणि इकडे माझं टायपिंग चालू. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून जागा आहे त्यांची. कॅमेरा असा काही लावलाय की खांब पूर्ण दिसतो आणि साहेबांचं फक्त डावं कोपर दिसतं. तीन वर्षं मी त्या कोपराकडे बघतेय. कोपर कधी टेबलावर, कधी खुर्चीच्या हातावर. एकदा कोपर जागचं हललं, वर गेलं, माझ्या हातातून स्टेपलर पडला – म्हटलं उठले, बोलणार आता! – तर शेजारच्याने रुमाल काढून दिला, तोच मागत होते. तुम्ही हसताय, मला रडू आलं होतं त्या दिवशी. म्हणजे मूर्खपणाच, पण आलं होतं. रोज बघून बघून माणसाला कोपराबद्दलसुद्धा काहीतरी वाटायला लागतं. वाटतं, ऊठ. एकदा ऊठ रे बाबा. माझा फळा खोटा पाड.

पूर्ण कारकिर्दीत प्रश्न किती विचारले सांगू? दोन. एक होता तो आणखी सहा जणांनी त्याच दिवशी, त्याच शब्दांत, स्वल्पविरामासकट विचारला होता – कोणीतरी छापून वाटलेला. आणि दुसरा खोल समुद्रातल्या मासेमारीच्या जाळ्यांबद्दल. आपल्याकडे समुद्र कुठाय? आपल्याकडे नदी पण अर्धं वर्ष आजारी असते. मी बाबांना विचारलं, हा मासा कुठून आला? तर म्हणाले, 'राष्ट्रीय दृष्टी असावी लागते.' आणि जेवत राहिले.

कुठून सुरू झालं हे सगळं? – असंच. एक तारीख शोधत होते वेबसाइटवर, त्यातून लागलं वेड. ती तारीख जाऊ द्या. कॉलेजचं सांगते, ते जास्त गमतीचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत प्रश्न आला – 'लोकप्रतिनिधीची कर्तव्ये सविस्तर लिहा.' दहा गुण. मी लिहिलं: एक, येणे, दोन, सही करणे, तीन, जाणे. आणि सविस्तर म्हणाले होते म्हणून खाली आपल्या साहेबांची वर्षभराची हजेरी दिवसवार मांडली, तारखांसकट, एकही तारीख चुकीची नव्हती. दहापैकी शून्य. ते ठीक आहे, पण प्राचार्यांनी बोलावलं, बाबांना बोलावलं, माफीनामा लिही म्हणाले. मी विचारलं, यातली कुठली हजेरी चुकीची आहे ती दाखवा, तेवढ्याची माफी लिहिते. प्राचार्य बाबांकडे बघायला लागले, बाबा माझ्याकडे बघायला लागले – डोळ्यांनी 'वाक ना' म्हणत होते. मी नाही वाकले. घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी बाबा इथे, या टेबलापाशी, नेहमीसारखा मजकूर घेऊन. म्हणाले, हे एक टाइप कर. बघते तर काय, माझंच शिफारसपत्र! साहेबांतर्फे प्राचार्यांना. 'सदर विद्यार्थिनी हुशार, सुस्वभावी व नम्र असून' – नम्र! – 'मी तिला व्यक्तिशः ओळखतो.' साहेब मला व्यक्तिशः ओळखतात! साहेबांना मी रस्त्यात आडवी गेले तर ते म्हणतील गाडीला कुत्रं आडवं आलं. केलं टाइप. काय करणार, काम होतं. माझी नम्रता मी स्वतः टाइप केली, दोन्ही समास नीट लावून. बाबांनी तिथल्या तिथे खाली सही केली, पेन खिशाला अडकवलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. प्राचार्यांनी ते पत्र घेतलं, फाइलला लावलं, माफी विसरले, मला उद्यापासून ये म्हणाले. मी नाही गेले. ज्या कॉलेजला माझ्या तारखा खोट्या वाटतात आणि ते पत्र खरं वाटतं, तिथे बसून काय शिकायचं?

काय? – कोणी सही केली म्हणजे? बाबांनी. तुम्हाला काय वाटलं?

...बरं, बोलून गेले. बोलायचं नव्हतं, पण आता झालं. हो, बाबांनी. तुमच्या हातातल्या त्या कागदावरचीसुद्धा. साहेब कुठे सह्या करत बसणार? तीन साहेब झाले त्या कार्यालयात, तिघांच्या सह्या बाबांना येतात. यांची तर अशी येते की साहेबांना स्वतःला करायची वेळ आली तर तेच बाबांची नक्कल करतात. आणि मजकूर? मजकूर सात-आठच आहेत ठरलेले, माझ्या संगणकात पडलेले. 'रस्ता', 'पाणी', 'बदली', 'आजारपण'. आजारपण उघडायचं, नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, पोटतिडकीने तसंच ठेवायचं. चारशेच्या वर पत्रं केली असतील मी. माणूस कार्यालयात येतो, रडतो, बाबा त्याला पाणी देतात, ऐकून घेतात – मनापासून ऐकतात हं, ते खोटं नाही – आणि चार दिवसांनी त्याच्या घरी पत्र जातं. मी एकदा भांडले तेव्हा मला म्हणाले, 'अगं, त्याचं काम होणार नाही हे मला माहीत आहे, पण आठ दिवस तरी त्याला झोप लागते ना? पत्र म्हणजे झोपेची गोळी समज.' झोपेची गोळी! आणि यांना वाटतं आपण उपकार करतोय. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, काका. वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस रात्री माझ्या अंगावर पांघरूण घालतो आणि सकाळी लोकांच्या.

म्हणून सांगते, नका करू लॅमिनेट. जपून ठेवण्यासारखं काही नाही त्यात. कारण त्यापुढचं तुम्हाला माहीतच नाही. थांबा, दाखवते – हे बघा, ही प्रिंट. गेल्या आठवड्यात सापडली. संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत, तुमच्या पत्रानंतर आठ महिन्यांनी आलेला. दुसरीकडच्या एका बाई खासदार आहेत, आपल्याला ओळखत नाहीत, देत नाहीत, घेत नाहीत – त्या उठल्या आणि देशातल्या धुळीच्या आजारांबद्दल बोलल्या, आठ गावांची नावं घेतली, त्यात पाचवं आपलं. आपल्या गावाचं नाव, काका, संसदेत! आणि मंत्र्याने उत्तर काय दिलं, ऐका – 'सदर ठिकाणाबाबत त्या भागाच्या लोकप्रतिनिधींकडून आजतागायत कोणतीही तक्रार अथवा निवेदन प्राप्त झालेले नाही, सबब तपासणी पथक पाठविण्याचे प्रयोजन दिसत नाही.' प्रयोजन दिसत नाही. बाकीच्या सात गावांत पथक गेलं. आपल्याकडे आलं नाही. तिथल्या लोकांना औषध मिळतंय, कामामुळे झालेला आजार म्हणून नोंद आहे, आणि तुम्ही अजून स्वतःच्या पायाने दवाखान्याच्या रांगेत उभे राहता आणि डॉक्टर विचारतो विडी किती ओढता! आणि मजा म्हणजे, हे सगळं चाललं तेव्हा तिसऱ्या रांगेत, खांबाआड, कोपर होतं. त्या दिवशी हजर आहेत साहेब. मी तपासलं.

आता म्हणाल, फळ्यावर तर लिहिलंयस, गावाचा उल्लेख शून्य. हो. चूक आहे. तीन वर्षं चूक आहे. मी सगळा शोध यांच्या नावाने घेत होते, गावाच्या नावाने कधी घेतलाच नाही – डोक्यातच आलं नाही की आपलं नाव दुसरं कोणी घेईल. एवढी मी हुशार! गावाला हिशेब शिकवणारी! आधी सापडलं असतं तर तीन वर्षांपूर्वी तुम्हाला आणून दाखवलं असतं, तुम्ही पुन्हा कारखान्याच्या फाटकासमोर धरणं धरून बसला असतात, एकसष्ट जण. आता किती उरला आहात? – सदतीस?

सदतीस.

मला पन्नास वाटत होते.

गेल्या आठवड्यात सापडली आणि मी अजून ते शून्य खोडलं नाही, हेही सांगून टाकते. रोज सकाळी खडू हातात घेते आणि ठेवून देते. कारण एक लिहिला की लोक विचारणार, कधी, कोणी, मग आपल्या पत्राचं काय, आणि पत्र म्हटलं की ती तारीख – छे. आज मी बडबड फार करतेय. तुम्ही गप्प बसता ना, म्हणून होतं असं. गप्प माणसासमोर मला राहवत नाही.

कुठली तारीख? – अहो, पत्रातली, मघाशी म्हणून दाखवताना मी गाळली ती. 'दिनांक सहा रोजी सभागृहात उपस्थित केला.' सगळ्या पत्रांत तारीख नसते, फक्त तुमच्या पत्रात आहे, कारण तुम्ही एकटे नव्हता, संघटना होती, बाबा म्हणाले यांना नुसतं 'नुकताच' चालणार नाही, नेमकं दिसलं पाहिजे. मजकुरात जागा रिकामी होती. मी विचारलं, कोणती घालू? बाबा म्हणाले, मांडलाय त्यांनी, मला आठवत नाही आता, अधिवेशन चालू आहे, घाल एखादी. मी एकोणीस वर्षांची होते, काका. मला खरंच वाटलं होतं की मांडलाय. नुकताच वाढदिवस होऊन गेला होता, सहा तारखेला. मी सहा घातली. मला आवडलं होतं उलट – की माझ्या वाढदिवसाला संसदेत कोणीतरी आपल्या लोकांबद्दल बोललं. नंतर काही महिन्यांनी हौसेने बघायला गेले वेबसाइटवर, त्या दिवशी साहेब नेमकं काय बोलले ते. तिथे महिन्याचं कॅलेंडर असतं, दिवसावर बोट ठेवलं की त्या दिवसाचं कामकाज उघडतं. सहा तारखेवर बोट ठेवते, उघडत नाही. पुन्हा ठेवते. ती तारीख करड्या रंगात होती, कारण तो दिवस –

...काय म्हणालात?

परत म्हणा.

हो, रविवार होता. तुम्हाला कसं माहीत? मी तर अजून – मी कोणालाच सांगितलेलं नाही हे. बाबांनासुद्धा नाही.

तुमच्यातले ते भट्टीवाले काका? त्या दिवशी गेले? – म्हणजे सहा तारखेला, रविवारी, तुम्ही त्यांना स्मशानात पोचवून आलात आणि – आणि पुढच्या शनिवारी तुमच्या हातात पत्र पडलं, त्यात ती तारीख. म्हणजे तुम्हाला वाचता क्षणीच कळलं. रविवारी संसद बंद असते हे कळायला वेबसाइट लागत नाही. चार वर्षं. तुम्हाला चार वर्षं माहीत आहे.

नाही, थांबा, मला बोलू द्या. माहीत होतं तर उठलात कशाला फाटकासमोरून? त्रेचाळीस दिवस बसला होता तुम्ही लोक! तुम्हीच उभं राहून ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, मी होते गर्दीत, मी ऐकलं – माझं टायपिंग, तुमच्या तोंडून – आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सतरंज्या गुंडाळल्या. तारीखसुद्धा वाचलीत. सहा. सणसणीत आवाजात. तेव्हा आवाज होता तुम्हाला.

...थकले होते. हो. बघितलंय मी, दोघं चक्कर येऊन पडले होते. घरी पाठवायला काहीतरी कारण पाहिजे होतं, असंच ना? हरलो म्हणून पाठवायचं की जिंकलो म्हणून पाठवायचं. तुम्ही जिंकलो म्हणून पाठवलंत. झोपेची गोळी. वा, काका! मी बाबांना एकट्यांना शिव्या देत होते! तुम्ही पण तेच. सगळे तुम्ही एकाच साच्यातले – दुसऱ्याला काय झेपेल ते परस्पर ठरवून मोकळे होणारे! मला वाटत होतं या माणसाला कोणीतरी फसवलंय, बिचारा फळ्याला टेकून दम खातो, याला सांगू कसं – आणि तुम्ही रोज तो फळा वाचत होतात. शून्य वाचायला थांबत होतात. दम खायला नाही.

दोन्हीला. बरं. दोन्हीला.

मग आता लॅमिनेट कशाला करायचंय ते खोटं? मिरवायला? व्यासपीठावर साहेबांच्या हातात द्यायला, आठवण म्हणून?

...

वाचायला. माइकवरून. मानपत्राच्या जागी हे. तारखेसकट. आणि मग, तो वार कोणता होता ते.

आणि लॅमिनेट अशासाठी की – हिसकावलं तरी फाटू नये.

ते लगेच हिसकावतील हो काका. माइक बंद करतील. तुमचा श्वास दोन वाक्यांच्या वर टिकत नाही, तुम्ही काय वाचणार – नाही, तसं नाही म्हणत मी. थांबा. मला जरा – थांबा.

मशीन बंद होतं. सांगून टाकते. दिवा लाल दिसतो तो नुसता वीज चालू असल्याचा, तापवायचं बटण मी दाबलंच नव्हतं. तुम्ही कंटाळून जाल म्हणून. हे बघा, आता दाबलं. चार मिनिटं लागतात. द्या तो कागद. – द्या, मी काही करत नाही त्याला. घड्या किती पडल्यात हो, खिशात ठेवत होतात का चार वर्षं? थोडी हवा राहील आत, कडेला बुडबुडा दिसेल. चालेल? आणि ही प्रिंट पण घ्या, मंत्र्याचं उत्तर. ती त्याच्या मागे पाठीला पाठ लावून घालते, एकाच पाऊचमध्ये. म्हणजे एक हिसकावलं तर दोन्ही जातील, पण फाडायला गेले तर दोन्ही नाही फाटणार. पुढून साहेब, मागून मंत्री. उलटून वाचलं की झालं, दोन वाक्यांचा श्वास पुरेल.

काय? हो, कळलं मला. तुम्ही विचारत नाही, पण कळलं. व्यासपीठावर कोणीतरी ओरडणारच – तारीख कोणी घातली? कारकुनाची चूक म्हणतील, बाबांच्या माथी मारतील, साहेब हात वर करतील की मला माहीतच नव्हतं. आणि ते खोटं बोलत नसतील, हेच तर! त्यांना खरंच माहीत नाही. सव्वीस वर्षं सह्या करून बाबा एका मिनिटात रस्त्यावर. हेच विचारायचं होतं ना तुम्हाला? म्हणून स्टेशनजवळ न जाता माझ्याकडे आलात लॅमिनेशनला. मला विचारून घ्यायला. आणि तासभर मीच बोलत बसले.

तुम्ही म्हणालात तर नाही वाचणार, असं म्हणताय? माझ्यावर सोडताय? वाचा! अहो, वाचा! मी नको म्हणाले तर तुम्ही ऐकणार, बाबा नको म्हणाले तर मी ऐकणार, म्हणजे झालं, सगळे सुखाने झोपा. चार वर्षं गप्प बसलात ते बसलात, आता परवानगी कसली मागता!

पण एक करते. उठू नका, बसा, मशीनवर लक्ष ठेवा, दिवा हिरवा झाला तर हाक मारा, म्हणजे टेबलावर हात मारा. मी दारातच आहे. – ऐकू येतंय ना? – हे शून्य पुसलं. गावाचा उल्लेख, एक. कंसात, दुसऱ्यांकडून. – जागा कमी पडतेय. ही खालची ओळ खडूने राहील, पाऊस आला तर जाईल, मग पुन्हा लिहीन – 'कामगारांच्या पत्रातील सहा तारीख, रविवार, ही या दुकानात घातली. घालणारी मी.' नाव काय लिहायचं, दुकान तर दिसतंय. अक्षर वाकडं आलं जरा. हेडमास्तरांना आवडणार नाही.

वाजवलात? झाला हिरवा? आले. सरका, हा असा घालायचा, घडीची बाजू आधी. – जातोय बघा. पाहा, कसा निघाला, ताठ. आता दोन माणसं काय, पन्नास माणसांनी ओढला तरी चालेल. – अहो, लगेच हातात घेऊ नका, भाजेल! कडेला धरा. पैसे? ठेवा ते खिशात, नाहीतर ओरडेन. पेला तिथेच राहू द्या, मी धुते.

गाडी आली.

बसा तुम्ही. आपण नाही जायचं बाहेर. उतरले बघा, शर्ट सावरताहेत, नेहमीसारखे आधी फळ्याकडे न बघता आत येणार – नाही. थांबले. बघताहेत. चष्मा काढला.

बोलू नका आता, काका. खोकू पण नका. वाचून होऊ द्या त्यांचं.